सकाळी हँग, दुसऱ्या बूटला ठणठणीत: ईएमएम३८६ची पेज फ्रेम आणि नेटवर्क कार्ड

लक्षण आधी सांगतो, म्हणजे ज्याचं दुखणं वेगळं आहे त्याचा वेळ वाचेल. ४८६ मशीन, ८ एमबी रॅम, एमएस-डॉस ६.२२ आणि त्यातला ईएमएम३८६ हा मेमरी मॅनेजर. सकाळी पहिल्यांदा चालू केलं की सगळे ड्रायव्हर निमूटपणे लोड होतात. नेटवर्कचा ड्रायव्हरही एरर देत नाही, पण पलीकडचं मशीन काही दिसत नाही. कधी तिथेच हँग. कंट्रोल-ऑल्ट-डिलीट मारलं की दुसऱ्या खेपेला सगळं सुरळीत, आणि मग संध्याकाळपर्यंत एक तक्रार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच.

हे तुमच्याशी जुळत असेल तर रॅम बदलू नका, एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) बदलू नका, आणि कॉन्टॅक्टवर खोडरबर घासत बसू नका. आम्ही हे तिन्ही करून बसलो आहोत. (आज्ञा इथे देवनागरीत लिहिल्या आहेत, मशीनवर अर्थातच रोमनमध्ये टाइप करायच्या.)

मशीन भांडुपला, एलबीएस रोडच्या आतल्या एका गाळ्यात आहे. गाळा नानांचा. इलेक्ट्रिक पॅनलचे डबे बनवतात. पत्र्याला भोकं पाडणारं टरेट पंचिंग मशीन जुनं आहे पण धडधाकट, आणि त्याला प्रोग्रॅम पुरवतो तो हा ४८६. एका पत्र्यात जास्तीत जास्त तुकडे कसे बसवायचे ते मांडणारं नेस्टिंगचं सॉफ्टवेअर डॉसवरचं आहे आणि त्याला एक्स्पांडेड मेमरी, म्हणजे ईएमएस (नेहमीच्या ६४० केबीपलीकडची जादा मेमरी, पुढे सांगतो), लागते. ती नसेल तर ते सुरूच होत नाही. ड्रॉइंग बाजूच्या केबिनमधल्या दुसऱ्या पीसीवर होतात आणि कोअॅक्स केबलवरून इकडे येतात. म्हणजे या डब्याला ईएमएसही हवी आणि नेटवर्कही हवं. एकाच वेळी. सगळी गोम तिथेच आहे.

‘‘नवीन घ्या ना नाना,’’ असं मी एकदा म्हणून पाहिलं. ‘‘मशीनचे पैसे कधीच फिटलेत रे. नवीन कंट्रोलरचा भाव विचारून ये, मग बोलू,’’ असं उत्तर आलं. भाव मी विचारला. पुन्हा विषय काढला नाही.

गाळ्यात या आजाराचा इलाज ठरून गेला होता. ऑपरेटर दिलीप सकाळी आला की मशीन चालू करायचा, चहा सांगायचा, चहा आला की कंट्रोल-ऑल्ट-डिलीट मारायचा. ‘‘म्हाताऱ्याला थंडी वाजते सकाळची,’’ असं त्याचं निदान. भांडुपला, मे महिन्यात. तरी हे निदान अगदीच वेडगळ नव्हतं. थंड असताना बिघडणारी आणि तापल्यावर सुधारणारी मशीनं असतातच. म्हणून तर आम्ही सगळे रॅम आणि सोल्डरच्या मागे लागलो.

मी हे मनावर घेतलं ते एका पत्र्यामुळे. दिलीपला त्या दिवशी घाई होती. काम आधीच या मशीनच्या डिस्कवर होतं, नेटवर्क लागणार नव्हतं, म्हणून त्याने दुसरा बूट केलाच नाही. नेस्टिंग केलं, सेव्ह केलं, पंचिंगला पाठवलं. १६ गेजचा अख्खा पत्रा बाहेर आला आणि त्यात एका दरवाजाच्या बरोबर मधोमध एक गोल भोक होतं. ड्रॉइंगमध्ये ते नव्हतं. काठ अगदी स्वच्छ, जणू मुद्दाम पाडलेलं. नानांनी त्यातून बोट आरपार घालून दाखवलं आणि काही बोलले नाहीत. चालू होताना अडणारं मशीन चालवून घेता येतं. डेटा गुपचूप बदलणारं मशीन मात्र एक दिवसही ठेवता येत नाही.

उलगडा झाला तो दिलीप आणि रिपेअरवाला यांच्या भांडणातून. रिपेअरवाला म्हणे, हे दहापैकी दहा वेळा फेल होतं, बोर्ड गेलाय. दिलीप म्हणे, साफ खोटं, दुसऱ्यांदा दर वेळी चालतं. दोघंही खरं बोलत होते. मी दोघांना शेजारी उभं करून हात बघत बसलो. दिलीप की-बोर्डवरून तीन बटणं दाबत होता. रिपेअरवाला कॅबिनेटवरचं रीसेटचं बटण दाबत होता.

फरक एवढाच, पण तो सगळं सांगून जातो. रीसेटचं बटण अख्ख्या बोर्डाला आणि स्लॉटमधल्या कार्डांना रीसेटचा सिग्नल देतं. कार्डाच्या दृष्टीने ते वीज जाऊन आल्यासारखंच. कंट्रोल-ऑल्ट-डिलीटने आमच्या बोर्डावर प्रोसेसर नव्याने सुरू होतो, स्लॉटमधल्या कार्डाला त्याचा पत्ताही लागत नाही. ते आधीच्या अवस्थेतच राहतं. म्हणजे प्रश्न गरम-थंडचा नव्हताच. नेटवर्क कार्ड जागं असताना बूट झालं तर चालतं, झोपलेलं असताना झालं तर नाही.

आता हे असं का, ते समजून घ्यायला थोडं मागे जावं लागेल.

मूळ आयबीएम पीसी १९८१चा. त्यातल्या ८०८८ प्रोसेसरला पत्त्याच्या २० लाइनी, म्हणजे एकूण १ एमबी पत्ते. त्यातले खालचे ६४० केबी प्रोग्रॅमसाठी आणि वरचे ३८४ केबी स्क्रीन, बायोस (बोर्डात किंवा कार्डात कायम असलेला प्रोग्रॅम) आणि स्लॉटमधल्या कार्डांसाठी राखीव. मोठ्या स्प्रेडशीटना ६४० केबी अपुरे पडायला फार वर्षं लागली नाहीत. १९८५ मध्ये लोटस आणि इंटेल यांनी त्यावर तोड काढली, मग मायक्रोसॉफ्टही सामील झाली, आणि तिघांच्या आद्याक्षरांवरून त्याला लिम ईएमएस म्हणू लागले. ३.२ आवृत्तीत ८ एमबीपर्यंत सोय होती, ऑगस्ट १९८७च्या ४.० मध्ये ३२ एमबीपर्यंत.

युक्ती गाळ्याच्या भाषेत सांगायची तर पोटमाळ्याची. माल भरपूर आहे, पण वर पोटमाळ्यावर. काम करायचं तर खालच्या टेबलावर. टेबलावर चारच खोकी मावतात. जे लागेल ते खोकं खाली आणायचं, नको ते वर टाकायचं. टेबल म्हणजे पेज फ्रेम: वरच्या ३८४ केबीतली सलग ६४ केबीची जागा, प्रत्येकी १६ केबीची चार पानं. प्रोग्रॅम इंटरप्ट ६७ या ठरलेल्या हाकेवरून मेमरी मॅनेजरला सांगतो, की अमुक पान तमुक जागी आण. पूर्वी हे काम करायला वेगळं कार्ड लागायचं. ३८६ आल्यावर प्रोसेसरलाच पत्ते फिरवता येऊ लागले आणि कार्डाची जागा ईएमएम३८६सारख्या ड्रायव्हरने घेतली.

पण टेबल ठेवायचं कुठे, हा प्रश्न उरतोच. वरच्या भागात दाटी असते. (पुढचे पत्ते हेक्समध्ये आहेत, म्हणजे ९ नंतर ए ते एफ हेही अंकच.) ए०००पासून बीएफएफएफपर्यंत स्क्रीनची मेमरी. सी०००पासून सी७एफएफपर्यंत व्हीजीएचा बायोस. एफ०००च्या वर मशीनचा बायोस. मधे सी८०० ते ईएफएफएफ उरतात १६० केबी, तेही ई०००ची जागा बोर्डाने स्वतःकडे ठेवली नसेल तर. यातच ६४ केबीची सलग पेज फ्रेम, यातच बाकी कार्डं, आणि यातच डिव्हाइसहाय या आज्ञेने वर चढवायचे ड्रायव्हर.

ईएमएम३८६ चालू होताना या पट्ट्यावर नजर फिरवतो. कुठे रॉम दिसतो का, कुठे रॅम दिसते का. जिथे काही दिसत नाही ती जागा मोकळी समजतो. आणि ही नजर एकदाच फिरते, कॉन्फिग.सिसमधली (चालू होताना डॉस वाचतो त्या ड्रायव्हरच्या यादीतली) त्याची ओळ येते त्या क्षणी.

आमचं कार्ड केबलवरच्या माहितीची पाकिटं ठेवायला स्वतःची १६ केबी रॅम वापरतं, डी०००पासून डी३एफएफपर्यंत. पण ही रॅम वीज आल्या आल्या दिसत नाही. कार्डाचा ड्रायव्हर लोड होऊन ‘जागा हो’ म्हणेपर्यंत तो पत्ता रिकामाच असतो. आणि ड्रायव्हर लोड होतो ऑटोएक्झेक.बॅटमधून (कॉन्फिग.सिसनंतर चालणारी आज्ञांची फाइल), म्हणजे ईएमएम३८६च्या कितीतरी नंतर.

सकाळी काय व्हायचं, ते आता दिसेल. ईएमएम३८६ आला, डी००० मोकळं पाहिलं, तिथे टेबल मांडलं. मग नेटवर्कचा ड्रायव्हर आला. त्याने डी०००वर काहीतरी लिहून परत वाचून पाहिलं, जसंच्या तसं परत आलं, तो खूश. पण त्याने लिहिलं ते कार्डावर गेलंच नाही. ईएमएम३८६ने तो पत्ता केव्हाच साध्या रॅमकडे वळवला होता. केबलवरून आलेली पाकिटं खऱ्या कार्डाच्या पोटात पडून राहतात आणि ड्रायव्हर भलत्याच टेबलावर त्यांची वाट बघत बसतो. म्हणून एरर नाही, आणि पलीकडचं मशीनही नाही.

आणि पत्र्यातलं भोक? नेस्टिंगचं सॉफ्टवेअर आपली पानं त्याच टेबलावर आणतं. ड्रायव्हर अधूनमधून ‘मी आहे’ असं नेटवर्कला सांगायला पाकीट तयार करतो, तेही त्याच टेबलावर. त्याने त्या दिवशी कुणाच्या तरी निर्देशांकांवर (भोकांच्या जागा सांगणाऱ्या आकड्यांवर) आपला कागद ठेवला, एवढंच.

दुसऱ्या बूटला कार्ड जागं असतं, त्याची रॅम डी०००वर दिसते, ईएमएम३८६ ती बघतो आणि टेबल ई०००वर नेतो. मग सगळे आपापल्या जागी.

हे खरं आहे का ते पडताळायला दोन मिनिटं लागतात. प्रॉम्प्टवर नुसतं ईएमएम३८६ टाइप करून एंटर मारा. तो आपली सगळी माहिती देतो, त्यात ‘पेज फ्रेम सेगमेंट’ अशी ओळ असते. आमच्याकडे सकाळच्या पहिल्या बूटला तिथे डी००० होतं आणि दुसऱ्या बूटला ई०००. इतकी वर्षं स्क्रीनवर उत्तर होतं, कुणी विचारलं नव्हतं.

तुमच्या कार्डाची रॅम कुठे आहे ते शोधायचं तर मेमरी मॅनेजर चालू असताना बघू नका, तो खोटं चित्र दाखवतो. मशीन बंद करा, नीट बंद, आणि पुन्हा चालू करताना ‘स्टार्टिंग एमएस-डॉस’ दिसलं की एफ८ दाबा. मग प्रत्येक ओळीला हो-नाही विचारलं जातं. ईएमएम३८६च्या ओळीला नाही म्हणा, नेटवर्कच्या ओळींना हो. कार्डाचा ड्रायव्हर बहुतेक वेळा स्वतःच आयआरक्यू (इंटरप्टचा क्रमांक), पोर्ट आणि रॅमचा पत्ता छापतो, पण ती ओळ इतक्या चटकन वर सरकते की वाचायला पॉज बटण लागतं. नाहीच छापला तर एमएसडी (डॉससोबतचा तपासणीचा प्रोग्रॅम) चालवून मेमरीचा नकाशा बघा.

मला मात्र डीबग (मेमरीतले आकडे दाखवणारा डॉसचा प्रोग्रॅम) जास्त आवडतं, कारण त्यात डोळ्याला दिसतं. डीबग सुरू करून डी डी०००:० असं टाइप करायचं (पहिला डी म्हणजे दाखव, दुसरा पत्त्यातला). नेटवर्कचा ड्रायव्हर लोड व्हायच्या आधी आमच्याकडे नुसती एफएफ एफएफ एफएफची रांग होती, म्हणजे त्या पत्त्यावर कुणी राहत नाही. ड्रायव्हर लोड केला, पुन्हा तेच टाइप केलं. आता आकडे भरलेले होते, आणि उजवीकडच्या अक्षरांच्या रकान्यात केबिनमधल्या पीसीचं नाव स्पष्ट वाचता येत होतं. त्या पीसीने नुकतंच टाकलेलं पाकीट होतं ते. दिलीपला बोलावून दाखवलं. तो म्हणाला, ‘‘म्हणजे हा माणूस रोज इथेच येऊन बसत होता?’’ रोज. पण सकाळी त्याच्या खुर्चीवर आपण टेबल ठेवत होतो.

उपाय एका ओळीचा आहे. कॉन्फिग.सिसचा वरचा भाग असा करा:

डिव्हाइस=सी:\डॉस\हायमेम.सिस
डिव्हाइस=सी:\डॉस\ईएमएम३८६.ईएक्सई रॅम एक्स=डी०००-डी३एफएफ फ्रेम=ई०००
डॉस=हाय,यूएमबी

एक्स म्हणजे ‘इथे हात लावायचा नाही, दिसो वा न दिसो’. फ्रेम म्हणजे टेबलाची जागा आपण ठरवून दिली, त्याने शोधायची नाही. रॅम हा शब्द महत्त्वाचा. तो असेल तर ईएमएसही मिळते आणि ड्रायव्हर चढवायला वरची जागाही (यूएमबी). हायमेम (१ एमबीच्या वरची मेमरी सांभाळणारा ड्रायव्हर) आधीच आला पाहिजे, नाहीतर ईएमएम३८६ लोडच होत नाही.

नुसता एक्स दिला तरी चालतं, कारण मग तो स्वतः दुसरी जागा शोधतो. पण मी दोन्ही देतो. एकदा भाजलं की ताकही फुंकून प्यावं.

हिशेब असा बसतो: सी८०० ते सीएफएफएफ ३२ केबी ड्रायव्हरसाठी, डी००० ते डी३एफएफ १६ केबी कार्डाला, डी४०० ते डीएफएफएफ ४८ केबी पुन्हा ड्रायव्हरसाठी, ई००० ते ईएफएफएफ ६४ केबी पेज फ्रेम. १६० केबी संपले, वाया काही नाही.

तुमच्या बोर्डाने ई००० आधीच अडवलेलं असेल, तर फ्रेम=ई००० दिल्यावर ‘पेज फ्रेममध्ये ऑप्शन रॉम किंवा रॅम आढळली’ अशा अर्थाची वॉर्निंग येते. ती दामटून पुढे जाऊ नका. अशा वेळी कार्डच हलवावं. जंपरने (कार्डावरच्या पिना जोडणाऱ्या टोपीने) किंवा कार्डाच्या सेटअप प्रोग्रॅमने त्याची रॅम सी८००ला न्यावी, एक्सचा आकडा बदलून सी८००-सीबीएफएफ करावा, आणि पेज फ्रेम डी०००वर ठेवावी. मात्र आधी बघा, सी८००वर हार्ड डिस्कच्या जुन्या कंट्रोलरचा बायोस बसलेला नाही ना; एक्सटीच्या जमान्यातले कंट्रोलर नेमके तिथेच असायचे. एक गोष्ट कटाक्षाने पाळा: कार्ड नेहमी पट्ट्याच्या कडेला ठेवायचं. मधोमध ठेवलं तर दोन्ही बाजूंना तुकडे उरतात आणि ६४ केबी सलग मिळत नाहीत. मग डिस्प्लेवर जागा भरपूर दिसते आणि ईएमएस मात्र मिळत नाही. नेस्टिंग करणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

कार्डाचा पत्ता बदललात तर त्याच्या ड्रायव्हरच्या कॉन्फिग फाइलमध्येही बदला. हे विसरून मी स्वतःचा अर्धा दिवस घालवला आहे.

तपासताना कंट्रोल-ऑल्ट-डिलीटला हात लावायचा नाही. आमचा सगळा घोळ त्यातूनच झाला होता. रॅम बदलली, मशीन अडलं, सवयीने तीन बटणं दाबली, चाललं, ‘‘रॅमच होती बघा.’’ एसएमपीएस बदलला, पुन्हा तीच कथा. प्रत्येक इलाजाचं श्रेय त्या दुसऱ्या बूटने दिलं आणि दुसऱ्या सकाळी परत घेतलं. म्हणून वीज बंद करून, थोडं थांबून, चालू. असं निदान तीनदा. तिन्ही वेळा ईएमएम३८६ टाइप करून पेज फ्रेम ई०००च आली पाहिजे आणि पलीकडचं मशीन पहिल्याच फटक्यात दिसलं पाहिजे.

एवढं झालं की प्रश्न मिटला असं मला वाटलं होतं. दीड महिन्याने नानांचा फोन. ‘‘अरे, आता तर ते सॉफ्टवेअरच उघडत नाही. ईएमएस नाही म्हणतंय.’’

गेलो. कॉन्फिग.सिस उघडली, तर माझी ओळ बदललेली. रॅमच्या जागी नोईएमएस (म्हणजे ईएमएस नको). केबिनमधल्या नव्या मुलाने कुठेतरी वाचलं होतं की मेममेकर (मेमरीची मांडणी आपोआप बसवणारा डॉसचा प्रोग्रॅम) चालवलं की जास्त मेमरी मिळते, आणि त्याने चांगल्या हेतूने ते चालवलं. मेममेकर सुरुवातीलाच विचारतो, तुमच्या एखाद्या प्रोग्रॅमला एक्स्पांडेड मेमरी लागते का? आयतं उत्तर ‘नाही’ असतं. एंटर दाबत गेलं की तो पेज फ्रेमच काढून टाकतो आणि ती ६४ केबी जागा ड्रायव्हरना देतो. त्याच्या परीने बरोबरच आहे. त्याला पत्रा कुठे माहीत आहे.

हे निस्तरणं सोपं आहे. मेममेकर /अनडू चालवलं की तो आधीच्या फाइली परत आणतो. त्यांच्या प्रती त्याने ‘.यूएमबी’ या शेवटाच्या नावाने ठेवलेल्या असतात. चालवायचाच असेल तर कस्टम सेटअप घ्या, ईएमएसच्या प्रश्नाला हो म्हणा, आणि पुढच्या पडद्यावर ‘आधीचे एक्स्क्लूजन तसेच ठेवू का’ याला हो असल्याची खात्री करा. ‘अॅग्रेसिव्ह स्कॅन’ला नाही म्हणा. त्याने हायस्कॅन हा शब्द ओळीत येतो, मग ईएमएम३८६ बायोसच्या हद्दीतही जागा हुडकायला जातो आणि काही बोर्डांवर मशीन तिथेच आडवं पडतं. चार-आठ केबीसाठी हा जुगार मी कुणाच्या कामाच्या मशीनवर खेळणार नाही. घरी खेळांसाठी ठेवलेलं मशीन असेल तर खुशाल.

नोईएमएस हा शब्द बऱ्याच जणांच्या फाइलीत असाच येऊन बसलेला असतो, जुन्या गेमच्या सूचनांमधून उचललेला. काही खेळांना एक्सएमएस (१ एमबीच्या वरची एक्स्टेंडेड मेमरी) लागते, पेज फ्रेम नको असते, तिथे तो योग्यच. पण ईएमएस मागणारा प्रोग्रॅम आणि नोईएमएस एका घरात नांदत नाहीत.

याच कुळातले दोन-तीन त्रास, थोडक्यात.

काही प्रोग्रॅम स्वतः प्रोटेक्टेड मोडमध्ये (१ एमबीपलीकडची मेमरी थेट वापरू देणाऱ्या प्रोसेसरच्या अवस्थेत) जायला बघतात आणि ईएमएम३८६ने प्रोसेसर आधीच व्हर्च्युअल ८०८६ मोडमध्ये नेलेला असतो. दोघांमध्ये व्हीसीपीआय किंवा डीपीएमआय या ठरलेल्या पद्धतींनी बोलणी होत असतील तर ठीक, नसतील तर प्रोग्रॅम सुरूच होत नाही. ‘ईएमएम३८६ ऑफ’ टाइप करून पाहाल, पण तो ड्रायव्हरना वरची जागा देत असेल तर ऑफ व्हायला नकार देतो. डॉस ६ असेल तर कॉन्फिग.सिसमध्ये मेनू करून दोन वेगळे बूट ठेवणं हाच सरळ मार्ग.

स्वतःच मेमरीत लिहिणारं स्कझी कार्ड (डिस्क जोडायचं कार्ड) असेल आणि डिस्कवर कचरा लिहिला जात असेल, तर कारण जवळपास हेच: प्रोग्रॅमला दिसणारा पत्ता आणि खरा पत्ता आता वेगळे आहेत आणि कार्डाला ते माहीत नाही. कॉन्फिग.सिसमध्ये स्मार्टड्राइव्हची (डिस्कचा वेग वाढवणाऱ्या डॉसच्या ड्रायव्हरची) /डबल_बफर ओळ टाकून बघा.

बी०००-बी७एफएफ हा काळ्या-पांढऱ्या मॉनिटरसाठी राखलेला भाग रंगीत व्हीजीएवर रिकामा असतो म्हणून ईएमएम३८६च्या ओळीत आय=बी०००-बी७एफएफ (‘ही जागा वापर’) देऊन ३२ केबी कमावता येतात. विंडोज ३.१ चालवत असाल तर सिस्टिम.आयएनआयमध्ये मोनोयूएमबी.३८६ची ओळ टाकल्याशिवाय हे करू नका.

आणि कुणाकडे खरंखुरं ईएमएस कार्ड असलेलं एक्सटी किंवा २८६ असेल, तर तिथे मॅनेजर स्वतः जागा शोधत नाही. कार्डावरचे स्विच आणि ड्रायव्हरच्या ओळीतला पत्ता हे दोन्ही तुम्हीच जुळवायचे. जरा कटकटीचं, पण सकाळी एक आणि दुपारी एक असं तरी होत नाही. २८६वर साध्या एक्स्टेंडेड मेमरीची ईएमएस असल्याचं सोंग करणारे ड्रायव्हरही निघाले होते. ते पानं फिरवत नाहीत, चक्क इकडून तिकडे कॉपी करतात. हळू तर चालतातच, वर एकच पान दोन जागी लावणारा प्रोग्रॅम त्यांच्यावर हमखास चुकतो.

क्यूईएमएम (ईएमएम३८६सारखाच दुसरा मेमरी मॅनेजर) वापरणाऱ्यांसाठी: त्याच्या मॅनिफेस्ट या तपासणीच्या प्रोग्रॅममध्ये अॅनालिसिस नावाचा भाग आहे. तो सुरुवातीच्या एका नजरेवर विसंबत नाही. मशीन रोजच्यासारखं वापरा, नेटवर्क लावा, फ्लॉपी फिरवा, आणि मग तो सांगतो की कुठल्या पत्त्यांना खरोखर कुणी हात लावला. ईएमएम३८६मध्ये असं काही नाही, तिथे अॅनालिसिस आपणच करायचं.

नानांच्या मशीनवर मी आता एक्सच्या ओळीच्या वर रेम (नुसता शेरा, आज्ञा नव्हे) टाकून लिहून ठेवलं आहे, की ही ओळ का आहे आणि मेममेकर का चालवायचा नाही. कॉन्फिग.सिस आणि ऑटोएक्झेक.बॅटची प्रत फ्लॉपीवर ठेवली होती, पण पावसाळ्यात गाळ्यातल्या फ्लॉपीवर बुरशी धरते, म्हणून दोन्ही फाइली कागदावर छापून कॅबिनेटच्या झाकणाला आतून चिकटवल्या. कागदाच्या खाली कार्डाच्या जंपरचं चित्र काढलं आहे, कारण पुढच्या वेळी कार्ड गेलं आणि दुसरं आणलं, तर त्याची रॅम डी०००लाच असेल असं नाही.